फळीवरच्या झोपेचा कौल

परांची बांधणाऱ्या त्या घरात एक नियम होता. उभे बांबू रोवून झाले, आडवे बांधले, फळ्या टाकल्या, गाठी आवळल्या, की ज्याने हे सगळं केलं त्याने दुपारी त्या फळीवर एक झोप काढायची. झोप नीट लागली तर तो टप्पा गवंड्यांच्या ताब्यात द्यायचा. नाही लागली तर खाली उतरून गाठी पुन्हा बघायच्या. लोक हसायचे. झोपा काढून मजुरी घेणारा हा एकच धंदा, असं म्हणायचे. पण बाबांचं म्हणणं पक्कं होतं. "जागा माणूस लबाड असतो," ते सांगायचे. "फळी जरा हलली की त्याचं अंग न सांगता सावरून घेतं आणि तो म्हणतो, सगळं ठीक आहे. झोपलेलं अंग सगळा भार टाकून मोकळं होतं. फळीला पेलवलं नाही तर जाग येते."

खारू हे ऐकतच वाढली. खारू हे तिचं खरं नाव नव्हे. बांबूवर सरसर चढते म्हणून गवंडी तिला खारूताई म्हणू लागले, मग त्यातली ताई कुठेतरी गळून पडली. आता ती विशीत आली होती, बाबांच्या बरोबरीने परांची बांधत होती, आणि तिच्यापुढे असा एक पेच होता की ज्याचं टोकच हाताला लागत नव्हतं.

तिला सैन्यात जायचं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

त्याची सुरुवात एका खिडकीपाशी झाली. परांचीवाल्यांचं सगळं आयुष्य खिडक्यांच्या बाहेर जातं. कुणाच्या स्वयंपाकघरात दूध उतू जातंय, कुणी आरशासमोर भाषणाची तालीम करतंय, कुणी एकटंच रडतंय, हे सगळं दिसतं, पण काचेच्या अलीकडून. काम संपलं की बांबू उतरवायचे, दोर गुंडाळायचे आणि निघायचं. आपण तिथे होतो याची एवढीशी खूण राहत नाही. तर मागल्या वर्षी सैनिकांच्या एका बराकीला रंग द्यायचा होता आणि खारू तिथे दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर गाठी मारत होती. आत मुलींची खोली होती. पलंगांच्या रांगा, प्रत्येकावर घडी केलेली घोंगडी, आणि मधल्या मोकळ्या जागेत चार-पाच मुली जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होत्या. एकीच्या नाकाला काळं लागलं होतं आणि बाकीच्या तिला ते सांगत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या. तेवढ्यात तिचीच नजर खिडकीकडे गेली. तिने हातातल्या ब्रशनेच खारूला खूण केली, आत ये की. खिडकीला जाळी होती. खारू हसली आणि पुढच्या गाठीकडे वळली. पण ते "आत ये" तिच्या मनात जाऊन बसलं ते बसलंच.

मग तिने भरतीसाठी नाव दिलं. धावून झालं, लेखी झालं, डोळे, कान, दात सगळं तपासून झालं. ती निवडली गेली. आता शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं की भूदल, नौदल की हवाई दल. नाहीतर नको म्हणून सांगायचं, म्हणजे जागा पुढच्या मुलीला जाईल.

त्या आठवड्यात बापलेक एका जुन्या नाट्यगृहाला परांची बांधत होते. इमारत उंच, आणि दर्शनी भिंतीवर रांगेने बायकांचे मोठमोठे चेहरे, चुन्यात घडवलेले. पावसापाण्याने कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा ओठ. ते चेहरे दुरुस्त करायला मिस्त्री आपली माणसं घेऊन आला होता. मिस्त्री म्हणजे गवंड्यांचा म्होरक्या. पोट सुटलेला, तोंड त्याहून सुटलेलं. परांचीचा एक एक टप्पा तयार होईल तसतसा तो वर चढणार होता.

पहिला टप्पा सोमवारी दुपारी झाला. खारू डबा उघडत होती तोच बाबा म्हणाले, "आज तू नीज."

"मी? गाठी तर बहुतेक तुमच्याच आहेत."

"माझी पाठ धरलीय. फळी टोचते."

तिला बरं वाटलं. नियम मोडून बाबा आपल्याला निजायला सांगतात म्हणजे आपल्या झोपेवर त्यांचा भरवसा आहे. ती वर गेली, डोक्याखाली दोराची गुंडाळी घेतली आणि आडवी झाली. मिस्त्री खालून ओरडला, "काय खारू, गादी मऊ आहे ना? नाहीतर उशीला चुन्याची पिशवी पाठवतो."

"तुम्ही बोलायचं थांबलात की सगळंच मऊ होईल, मिस्त्री."

खाली सगळे हसले. मग हळूहळू आवाज पातळ झाले. शेजारी नाक नसलेली एक चुन्याची बाई होती, तिच्या डोळ्याच्या खाचेत कबुतराने काड्या जमवल्या होत्या. खारू तिच्याकडे बघत राहिली आणि मनाशी म्हणाली, आज मी एकदम दोन झोपा काढते. एक फळीसाठी, एक माझ्यासाठी. ज्या दलाचं स्वप्न पडेल आणि जाग येणार नाही, ते माझं.

असा विचार दुसऱ्या कुठल्या घरातल्या मुलीच्या डोक्यात आला नसता. पण हिने जन्मापासून झोपेला पारखी मानलेलं. हिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाणी आलं ते आवाज न करता आलं. आधी रस्त्याच्या कडेने, मग दुकानांच्या पायऱ्यांवर, मग हळूच परांचीच्या बांबूंना उचलत. परांची भिंतीपासून सुटली आणि रस्त्यातून पुढे सरकू लागली. खारू फळीवर उभी होती. दोन्ही बाजूंनी खिडक्या मागे जात होत्या. एका खिडकीत शिवणयंत्र एकटंच चालू होतं, एकीत आत्या गव्हातले खडे वेचत होती आणि मान वर न करता म्हणत होती, मोजे घेतलेस का. खारू घेतले म्हणाली, पण घेतले नव्हते. रस्ता रुंद होत गेला, घरं संपली, नुसतं निळसर पांढरं पाणी उरलं आणि त्यावर दुपारचं ऊन दुधावरच्या सायीसारखं पसरलं. सगळ्या गाठी ओल्या होऊन घट्ट झाल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. कुणी नव्हतंच. फळी झुलत होती, आणि त्या झुलण्यात इतकं सुख होतं की तिला तिथे कुठे पोचायचंच नव्हतं.

मिस्त्रीने बांबूवर थापी वाजवली तेव्हा तिला जाग आली. "अगं, संध्याकाळ व्हायची. चढू का आम्ही?"

"चढा," ती म्हणाली. "पक्कं आहे."

आणि ती उतरून तडक भरती केंद्रात गेली.

भरती केंद्र म्हणजे एक लांब खोली, भिंतीवर बोटीचं, विमानाचं आणि रणगाड्याचं चित्र, आणि टेबलामागे एक अधिकारी बाई. वय पन्नाशीच्या पुढे, केस बारीक कापलेले, चेहरा कोरा. पण त्या कोऱ्या चेहऱ्याने त्या फार गमतीचं बोलायच्या आणि समोरच्याला ते घरी गेल्यावर कळायचं.

"नौदल," खारू म्हणाली.

"बरं. पोहता येतं?"

"नाही."

"समुद्र पाहिलाय?"

"आज दुपारी पाहिला." मग तिला फळीवरच्या झोपेचा नियम सांगावा लागला, आणि त्यामागून स्वप्नही.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नौदलात एकच अडचण आहे," त्या म्हणाल्या. "तिथे झोपायला फार मिळत नाही. मी पेन्सिलने नोंद करते. शुक्रवारी शाई लावू."

घरी आत्या वाट बघत होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. खारूची आई गेल्यावर तिने आपलं चंबूगबाळं उचललं आणि या घरात आली. आल्या दिवसापासून ती म्हणत होती की मी काही इथे कायमची राहायला आलेली नाही.

"नौदल?" आत्याने जेवताना विचारलं. "बादलीत पाय बुडवायला सांगितला तर कुरकुर करणारी तू."

"स्वप्नात छान वाटलं गं."

"स्वप्नात मलाही छान वाटतं. स्वप्नात तुझा बाप ताट उचलून ठेवतो."

बाबांनी निमूटपणे ताट उचलून ठेवलं. खारूने भरतीला नाव दिल्यापासून ते या विषयावर हो म्हणाले नव्हते आणि नाही म्हणाले नव्हते. तिला वाटायचं, ते रागावले आहेत. कधी वाटायचं, त्यांना ऐकूच गेलेलं नाही.

दुसरा टप्पा बुधवारी झाला आणि पुन्हा बाबा म्हणाले, तूच नीज. या वेळी त्यांनी पाठीचं नाव काढलं नाही. डबा तसाच मांडीवर ठेवून ते खाली बसले आणि वर बघत राहिले. वारा नव्हता. खारूच्या डोळ्यांसमोर नुसतं आभाळ होतं, धुऊन धुऊन विरलेल्या कापडासारखं. तिला वाटलं, आज काही दिसायचं नाही. तेवढ्यात परांचीच्या आतली इमारत निघून गेली. मोज्यातून पाय काढावा तशी, अलगद, परांचीला धक्का न लावता ती निघून गेली आणि परांची तेवढी उभी राहिली, आत काही नाही. मग परांचीही खाली राहिली आणि फळी तेवढी वर चढत गेली. गाव लहान झालं. छपरं वाळत घातलेल्या हातरुमालांएवढी झाली. रस्त्यावरून माणसं चालत होती, मोहरीच्या दाण्यांसारखी. खारूने बाबांना शोधलं. सगळे दाणे सारखेच. यातला मिस्त्री कोण, बाबा कोण, आत्या कोण, काही कळत नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याचं दुःखही होत नव्हतं. इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. ती हसत हसत जागी झाली.

उतरताना मात्र तिचं मन जड झालं. दोन्ही वेळा गाढ झोप. फळीने दोन्ही वेळा होकारच दिला होता. आता काय करायचं?

ती केंद्रात गेली आणि म्हणाली, "हवाई दल." बाईंनी खोडरबर उचललं. "हे खोडरबर सरकारी आहे," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत पुरवायचं आहे."

"मला दोन्हीकडे झोप लागते, त्याला मी काय करू?"

"झोपेला विचारणं सोडून दे, असं मी सांगू शकते. पण मग विचारायचं कुणाला, ते मला ठाऊक नाही. मी अठराव्या वर्षी आले ती चुलत बहिणीवर जळून. तिचा गणवेश मला फार आवडला होता." बाईंनी खोडून झाल्यावर कागदावर फुंकर मारली. "घरी काय म्हणतात?"

"आत्या नको म्हणते. बाबा काहीच म्हणत नाहीत."

"काहीच न म्हणणारी माणसं अवघड," बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी गंमत केली नव्हती.

रात्री आत्या म्हणाली, "परवा पाण्यात होतीस, आज हवेत. उद्या काय, जमिनीखाली?" खारूला हसू आलं नाही. ती लवकर झोपली, पण नीट झोप लागली नाही, आणि सकाळी उजाडल्या उजाडल्या आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायच्या आत घराबाहेर पडली. बाबांचं अंथरूण आधीच गुंडाळलेलं होतं. ते हल्ली लवकर जायचे. म्हातारपणी झोप कमी होते, असं आत्या म्हणायची.

रस्ता नुकता झाडून झाला होता. दुकानांची दारं बंद होती. नाट्यगृहापाशी धुकं इतकं होतं की चुन्याच्या बायकांचे चेहरे मधल्या मधे तरंगत होते, आणि त्यांच्यापुढे दुसऱ्या टप्प्यावर एक माणूस ओणवा होऊन काहीतरी करत होता. खारू बांबूला हात लावायच्या आधी थोडा वेळ बघत राहिली. बाबा गाठ सोडत होते. काल पक्की झालेली, तिने झोपून पारखलेली गाठ. पूर्ण सोडून, दोर झटकून, ते ती पुन्हा बांधत होते. मग पुढची. तीही सोडली.

ती वर चढली. "बाबा, ह्या गाठींवर मी झोपले होते."

ते दचकले. मग हातातला दोर तसाच धरून म्हणाले, "एवढ्या सकाळी कशाला आलीस?"

"माझ्या झोपेवर विश्वास नाही तुमचा?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

बाबा फळीवर बसले, पाय खाली सोडून. तीही बसली. खाली रस्ता दिसत नव्हता, नुसतं पांढरं. आपण ढगाला टेकून बसलोय असं वाटत होतं.

"मला वर झोप लागत नाही," बाबा म्हणाले.

खारूने विचारलं, "कधीपासून?"

"झालं वर्ष. बराकीचं काम आठवतं? तिथे शेवटच्या टप्प्यावर आडवा झालो, डोळे मिटले आणि जागाच राहिलो."

"काही झालं होतं का? फळी हलली?"

"काही नाही. फळी पक्की होती. मला वाटलं, आज पोट बिघडलंय. दुसऱ्या कामावर तेच. डोळे मिटले की खाली किती खोल आहे ते दिसायला लागतं. आयुष्यभर नाही दिसलं, आता दिसतं." ते दोराचा पीळ अंगठ्याने चाचपत होते. "वर्षभर नुसते डोळे मिटून पडतो. मिस्त्री वेळ बघतो, मी उठतो, पक्कं आहे म्हणून सांगतो. माणसं चढतात. मग मला घोर लागतो, म्हणून सकाळी येऊन सगळ्या गाठी पुन्हा बांधतो. काल तू झोपलीस, खरोखर झोपलीस, खालून दिसत होतं. तरी सकाळी पाय इकडेच वळले."

खारूने दोराचं दुसरं टोक हातात घेतलं. वर्षभर ती शेजारी काम करत होती आणि तिला पत्ता नव्हता. "मग मी नाही जात," ती म्हणाली. तिला वाटलं होतं हे वाक्य उच्चारायला फार जड जाईल. ते सहज आलं, आणि आल्याबरोबर छातीवर येऊन बसलं. "तुम्ही बांधा, मी झोपत जाईन. उद्या केंद्रात जाऊन नको म्हणून सांगते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना इतकं रागावलेलं तिने क्वचितच पाहिलं होतं. "म्हणजे मी आणखी दहा वर्षं इथे वर बसायचं?"

"तुमच्यासाठीच म्हणतेय मी."

"माझ्यासाठी तू राहिलीस तर मी मेलो, पोरी. मी मागेच खाली येणार होतो. कुंपणं, फाटकं, दुकानांच्या पाट्या, कितीतरी कामं आहेत खालची. शिडीवर भागतात. पण तुला वर चढायला आवडतं, मग म्हटलं हिला कोण नेणार वर? म्हणून राहिलो." त्यांनी दोर बाजूला ठेवला. "तू भरतीला नाव दिलंस ना, तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली. म्हणून हो म्हणता येईना. आपल्या पोरीला सैन्यात धाडून बाप सुटला, असं व्हायला नको होतं."

धुकं पातळ होत होतं. समोरच्या दुकानाचा दरवाजा वर सरकवल्याचा आवाज आला. खारूच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण राहिलो तर बाबांना सोबत होईल असं आपण धरून चाललो, आणि इकडे तीच सोबत त्यांना वर टांगून ठेवत होती.

"लाज कसली त्यात," ती शेवटी म्हणाली. "मला जायचंय म्हणून मी जातेय. तुम्ही आपोआप सुटाल."

"खरंच जायचंय?"

"हो."

"मग दोन दिवस नौदल, हवाई दल काय चाललंय? आत्या म्हणते पोरगी खुळावलीय."

"झोपून बघत होते कुठे जमेल ते. सगळीकडेच झोप लागते."

बाबांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण खांदे हलले. "अगं, फळीवर झोप लागते ती फळीमुळे. त्यात नौदलाचा काय संबंध? तू रणगाड्याचा विचार करत झोपली असतीस तरी घोरली असतीस."

"मी घोरते?"

"मिस्त्रीला विचार."

त्या दिवशी दोघांनी मिळून तिसरा टप्पा बांधला. बाबा खालून बांबू देत होते आणि खारू वर गाठी मारत होती. सगळ्या गाठी तिच्या, एकही बाबांची नाही. दुपारी ती तिथे आडवी झाली. या वेळी तिने कुठल्या दलाचा विचार करायचा नाही असं ठरवलं. सगळ्यात वरच्या चुन्याच्या बाईचा चेहरा अजून अख्खा होता आणि त्यावर उन्हाचा एक पट्टा हळूहळू सरकत होता, कपाळावरून गालावर. तो हनुवटीशी पोचेपर्यंत खारू जागी होती. आपल्या गाठींचा घोर म्हणजे काय ते तिला आज कळत होतं. उद्या या फळीवर मिस्त्रीचं ते पोट उभं राहणार, त्याच्या मागे त्याची माणसं, त्यांच्या बादल्या. तिने प्रत्येक गाठ मनातल्या मनात पुन्हा मारली. त्यात कधीतरी झोप लागली.

स्वप्न फार साधं होतं. एक रुंद नदी, मातकट, संथ. खारू कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि डोक्यावर फळ्या होत्या, आणि त्या फळ्यांवरून माणसं चालली होती. दिसत कुणीच नव्हतं. नुसती पावलं ऐकू येत होती. जड, हलकी, लंगडणारी, मधेच एक धावणारं. बाजूला आणखी काही जणी तशाच पाण्यात उभ्या होत्या, हात वर, गाठी धरून, आणि एकमेकींकडे बघून हसत होत्या, कारण वरच्या कुणाच्या तरी बुटातून वाळू गळून त्यांच्या केसांत पडत होती. वरची रांग संपतच नव्हती. हात भरून आले होते, पण ते भरून येणं तिला हवंसं वाटत होतं. माणसं पलीकडे जात होती, एवढंच तिला कळत होतं.

जाग आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आधीच्या दोन्ही स्वप्नांत ती एकटीच होती.

शुक्रवारी बाई टेबलावर शाईचं पेन तयार ठेवूनच बसल्या होत्या. "बोल. आज काय दिसलं?"

"आज स्वप्नावरून सांगत नाही," खारू म्हणाली. ते अर्धंच खरं होतं. "मी बांधते, आणि दुसरे त्यावरून जातात, असं काम सैन्यात कुठे आहे का? मला उंची चालते, पाणी चालेल, शिकेन. पण एकटीने करायचं नको. आणि माणसं मोहरीएवढी दिसतील इतकं लांबून नको."

बाईंनी पेन उचललं. "भूदलात पूल टाकणारी तुकडी असते," त्या म्हणाल्या. "नदी आली की सगळे थांबतात आणि ही माणसं पुढे होतात. चिखलात काम. पूल टाकायचा, सगळ्यांना पलीकडे जाऊ द्यायचं, मग उचलून घ्यायचा. लढाई असेल तर गोळ्या आधी तुमच्यावर. पूर आला की गावांसाठीही जावं लागतं. फोटो कुणी काढत नाही."

"उचलून घेतल्यावर काही खूण राहत नाही?"

"नाही."

खारूने थोडा विचार केला. खिडक्यांचं तिला वाईट वाटायचं ते खूण राहत नाही म्हणून, असं ती समजत आली होती. आता वाटलं, तसं नसावं. "चालेल," ती म्हणाली.

"हवाई दलात जेवण चांगलं असतं," बाई कोऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या.

"भूदल लिहा, बाई."

बाईंनी लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघीही त्या कागदाकडे बघत बसल्या.

बाबा बाहेर रस्त्यापलीकडे उभे होते. तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दोघं चालू लागले. बराच वेळ ते पुलाविषयीच बोलले. वाहत्या पाण्यात खांब कसा रोवत असतील, फळ्या लाकडी असतील का लोखंडी, दोर वापरतात का. खारूला त्यातलं काही माहीत नव्हतं. संध्याकाळचं ऊन भिंतींवरून उतरत होतं आणि रस्त्यावरची माणसं त्या उजेडात जरा जास्तच सावकाश चालत आहेत असं वाटत होतं. बोलता बोलता त्यांची गल्ली आली आणि दोघंही न वळता पुढे गेले.

"आपण पुढे आलो," थोड्या वेळाने खारू म्हणाली.

"माहितेय." बाबा थांबले. "आत्याला कोण सांगणार?"

"तुम्ही तिचे भाऊ."

"तू तिची लाडकी."

"गोळ्या आधी आमच्यावर, हे मी नाही सांगणार तिला."

"ते नकोच सांगायला." बाबांनी खाली बघत चपलेने एक खडा बाजूला सारला. मग म्हणाले, "मी सांगतो. मला तिला आणखीही एक सांगायचंय. मी वर चढायचं सोडतोय ते."

"आणि झोपेचं?"

"तेही सांगतो. आधी तेच सांगतो. म्हणजे तुझं ऐकेपर्यंत तिचा अर्धा राग माझ्यावर खर्च झालेला असेल."

ते मागे वळले. घराशी आल्यावर बाबा आत गेले आणि खारू पायरीवर बसली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. बाबांचं बोलणं कळत नव्हतं, नुसती त्याची चाल कळत होती. थोडं बोलायचे, थांबायचे, पुन्हा बोलायचे. आत्या एकदाही मधे बोलली नाही, आणि ते फार नवल होतं. गल्लीत दिवे लागले. समोरच्या बाईने अंगणात पाणी शिंपडलं आणि मातीचा वास आला.

मग आत्याचा आवाज आला, जरा बसलेला. "वर्षभर? आणि मी म्हणत होते म्हाताऱ्याला झोप नाही."

बाबा काहीतरी म्हणाले.

"आणि ही? हिचं ठरलं?"

या वेळी बाबांचे शब्द स्पष्ट ऐकू आले. "ठरलं. नदीवर पूल टाकणार आहे."

खारू उठून उभी राहिली. आत जावं का नाही ते तिला कळेना. आत्या दारात आली. पदराने हात पुसत होती, हात कोरडे झाले तरी पुसतच होती. तिने खारूला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, माप घ्यावं तसं.

"नदी म्हणजे पाणी गार असणार," ती म्हणाली. "किती दिवस आहेत मधे? लोकरीचं काही विणायचं तर आजच बसायला हवं."